वस्तू आपली, नाव त्यांचे

नवऱ्याची बदली झाली म्हणून नाशिकहून चंदीगडला आलेले एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. मुले शाळेत आणि नवरा कचेरीत गेला की गृहिणीला दुपार मोकळी. घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून तिने ऑनलाइन विक्री सुरू केली. झिरकपूरच्या हमरस्त्यावर कंपन्यांची फॅक्टरी आउटलेट आहेत. त्यांपैकी एका दुकानात सेल लागला. नामांकित कंपनीचे खेळाचे बूट निम्म्या किमतीत मिळत होते. तिने भिशीचे पैसे मोडून चाळीस जोड घेतले, कंपनीच्या वेबसाइटवरची सुंदर छायाचित्रे उचलली, खाली लिहिले, ‘शंभर टक्के ओरिजिनल, कंपनी वॉरंटीसह’ आणि माल विकायला ठेवला.

पहिल्या आठवड्यात अकरा जोड गेले. दुसऱ्या आठवड्यात ई-मेल आला. बौद्धिक संपदेच्या उल्लंघनाची तक्रार आल्यामुळे वस्तू यादीतून काढली आहे, खाते तपासणीखाली आहे आणि विक्रीचे पैसे तूर्त रोखून ठेवले आहेत.

“अहो, माल तर खरा आहे, पावतीसुद्धा आहे. मग मी चोरी केली कशाची?” हा तिचा पहिला प्रश्न. नवऱ्यापाशी उत्तर नाही. कॉटखाली एकोणतीस जोड तसेच पडून!

हे कुटुंब काल्पनिक आहे, पण असा ई-मेल आज कोणाही लहान विक्रेत्याला येऊ शकतो. बहुतेकांची समजूत अशी की तक्रार फक्त नकली माल विकणाऱ्यावर होते. ती समजूत अर्धीच खरी आहे. अस्सल माल विकणाराही अडचणीत येतो आणि बहुधा अशा चुकीमुळे, जी पाच मिनिटांत टाळता आली असती.

विकत घेतले ते आपले

आधी दिलासा देणारी बाजू पाहू. पैसे मोजून घेतलेली वस्तू पुन्हा विकणे हा गुन्हा नाही. आपल्या देशात १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३० मधील तिसरे पोटकलम सांगते की, कंपनीने स्वतः किंवा तिच्या संमतीने बाजारात आणलेला माल कोणी कायदेशीर मार्गाने घेतला, तर तो पुढे विकणे हे तेवढ्याच कारणाने ट्रेडमार्कचे उल्लंघन ठरत नाही. पहिल्या विक्रीत कंपनीला तिचा मोबदला मिळाला. त्यानंतर त्या वस्तूच्या प्रत्येक फेरविक्रीवर तिचा अंमल चालत नाही.

हा विचार जुना आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीच्या प्रतीवर छापले होते की, ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकल्यास कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या मोठ्या दुकानाने तीच कादंबरी ८९ सेंटना विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०८ मध्ये न्यायालयाने प्रकाशकाचे म्हणणे फेटाळले. पुस्तक एकदा विकल्यावर पुढचा भाव ठरवण्याचा हक्क कॉपीराइटमुळे प्रकाशकाला मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आपल्याकडे या बाबतीतला महत्त्वाचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. दिल्लीतील काही विक्रेते सॅमसंगचे अस्सल प्रिंटर आणि शाईची काडतुसे परदेशातून आणून इथे विकत. सॅमसंगने दावा लावला. फेब्रुवारी २०१२ मध्ये एका न्यायमूर्तींनी सॅमसंगच्या बाजूने निकाल दिला. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो फिरवला. परदेशात कंपनीने विकलेला अस्सल माल इथे आणून विकण्यास ट्रेडमार्क कायदा आड येत नाही, असे खंडपीठाने म्हटले. मात्र अट घातली की, माल आयात केलेला आहे, कंपनी त्याची वॉरंटी किंवा विक्रीनंतरची सेवा देणार नाही आणि ती जबाबदारी विक्रेत्याची आहे, असा ठळक फलक दुकानात लावावा. शिवाय विक्रेत्याने आपली वेबसाइट सॅमसंगच्या वेबसाइटशी जोडण्यावर घातलेली मनाई कायम ठेवली.

या निकालातच सगळी गोम आहे. वस्तू विकण्याचा हक्क विक्रेत्याला मिळाला, पण कंपनीच्या नावाचा झगा पांघरण्याचा हक्क मिळाला नाही.

मग तक्रार कशाबद्दल?

आता नाशिकच्या त्या गृहिणीकडे परत येऊ. तिचे बूट अस्सल होते. तरी तिच्याकडून काय चुकले?

पहिली चूक छायाचित्रांची. बूट तिने विकत घेतले, छायाचित्रे घेतली नाहीत. छायाचित्र ही कायद्याच्या दृष्टीने कलाकृती आहे. कंपनीच्या वेबसाइटवरील चित्र, जाहिरातीतील मजकूर, मापांचा तक्ता या सगळ्यांवर कॉपीराइट असू शकतो. चित्र उचलले की माल खरा की खोटा हा प्रश्नच उरत नाही. तक्रार चित्राबद्दल होते आणि ती टिकते. उपाय अगदी साधा. खिडकीजवळ पांढरी चादर अंथरावी आणि आपल्या मोबाइलने चारही बाजूंनी बुटांचे फोटो काढावेत. चित्र थोडे कमी झळकेल, पण ते आपले असेल. ग्राहकालाही नेमकी तीच वस्तू दिसेल.

दुसरी चूक ‘कंपनी वॉरंटीसह’ या दोन शब्दांची. अनेक कंपन्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालालाच वॉरंटी देतात आणि ती पहिल्या ग्राहकाच्या बिलाच्या तारखेपासून मोजतात. आपण फेरविक्री केली की ती वॉरंटी पुढच्या ग्राहकाला मिळेलच असे नाही. मग ते वचन खोटे ठरते. कंपनीला हरकत घ्यायला हे सबळ कारण मिळते आणि ग्राहकही फसतो.

तिसरी चूक पुष्कळांच्या लक्षातही येत नाही, ती म्हणजे दुकानाचे नाव. अमुक ब्रँडच्या नावापुढे ‘चंदीगड’ किंवा ‘स्टोअर’ जोडून ऑनलाइन दुकान थाटले, की पाहणाऱ्याला वाटते ही कंपनीचीच शाखा. वस्तूच्या वर्णनात ब्रँडचे नाव लिहावेच लागते, त्याला हरकत नाही. पण आपल्या दुकानाच्या पाटीवर, बोधचिन्हात किंवा वेबसाइटच्या पत्त्यात ते वापरू नये. ‘अधिकृत विक्रेता’ हे शब्द तर कंपनीचे पत्र हाती असल्याशिवाय लिहूच नयेत.

चौथी गोष्ट मालाच्या अवस्थेची. कलम ३० मधील चौथे पोटकलम तिसऱ्याला लगाम घालते. माल बाजारात आल्यानंतर त्याची स्थिती बदलली किंवा बिघडली असेल, तर पुढील विक्रीला हरकत घेण्याचा कंपनीला अधिकार आहे. खोका उघडलेला, लेबल काढलेले, बॅच क्रमांक खरवडलेला, दोन लहान बाटल्या एकत्र बांधून नवा ‘सेट’ केलेला, असा माल ‘नवा’ म्हणून विकणे म्हणजे संकटाला आमंत्रण. खोका उघडला असेल तर तसे लिहावे. ग्राहक थोडी कमी किंमत देईल, पण माल परत येणार नाही.

पाचवी गोष्ट दुसऱ्याच्या पानावर स्वार होण्याची. ऑनलाइन बाजारात एकाच वस्तूच्या एकाच पानावर अनेक विक्रेते येऊ शकतात. वस्तू हुबेहूब तीच असेल तर ठीक. पण दुसऱ्याने मेहनतीने बनवलेल्या पानावर त्याचीच चित्रे आणि त्याचेच नाव वापरून आपला वेगळा माल खपवणे चालत नाही. ‘व्ही ट्रॅडिशन’ या नावाने कपडे विकणाऱ्याच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये फ्लिपकार्टला अशा प्रकाराला आळा घालण्यास सांगितले होते.

‘चे’ आणि ‘साठी’

चंदीगडच्या सेक्टर २२ मधील मोबाइल बाजारात गेल्यास कव्हरे, चार्जर आणि काचा यांचे ढीग दिसतात. हाच माल घरबसल्या विकणारेही खूप. इथे एका प्रत्ययाने फरक पडतो. ‘अमुक कंपनीच्या मोबाइलसाठी कव्हर’ असे लिहिणे योग्य, कारण कव्हर कशाला बसते हे सांगण्यासाठी ते नाव घ्यावेच लागते आणि कायदाही तेवढी मुभा देतो. ‘अमुक कंपनीचे कव्हर’ असे लिहिले आणि ते दुसऱ्याच कोणी बनवलेले असले, तर ती फसवणूक झाली. कंपनीचे बोधचिन्ह चिकटवून विकले तर तो नकली मालच ठरतो.

आणि नकली मालाच्या बाबतीत कायदा कठोर आहे. खोटा ट्रेडमार्क असलेला माल विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘मला माहीत नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. आपण सर्व वाजवी खबरदारी घेतली होती, संशय घेण्याचे कारण नव्हते आणि विचारल्यावर माल कोणाकडून घेतला ती सर्व माहिती दिली, हे विक्रेत्याला दाखवून द्यावे लागते.

म्हणूनच बिल! घाऊक व्यापारी ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो’ म्हणाला, तर तो स्वस्त माल सर्वात महाग पडू शकतो. बिलावर विक्रेत्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, तारीख, मालाचे मॉडेल आणि नग हे सर्व हवे. किरकोळ दुकानातील यंत्रातून निघालेली चिठ्ठी अनेक ऑनलाइन बाजारपेठा पुरेशी मानत नाहीत. त्यावरची शाईही काही महिन्यांत उडते. म्हणून पक्के बिल मागून घ्यावे आणि त्याचा फोटो लगेच काढून ठेवावा.

जुना माल, नवा चेहरा

दुरुस्त करून विकलेल्या मालाचा प्रश्न वेगळा. वापरलेल्या हार्ड डिस्क परदेशातून आणायच्या, ठाकठीक करायच्या, मूळ नाव काढून आपले लेबल लावायचे आणि विकायच्या, असा व्यवसाय देशात चालत होता. सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या कंपन्यांनी त्याविरुद्ध दावे लावले. २१ मे २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा ही विक्री सरसकट बंद केली नाही. पण पाळायच्या गोष्टी स्पष्ट सांगितल्या. मूळ उत्पादक कोण हे वेष्टनावर लिहावे, मात्र त्याचे बोधचिन्ह वापरू नये. मूळ कंपनीची वॉरंटी नाही हे सांगावे. माल वापरलेला आणि दुरुस्त केलेला आहे आणि दुरुस्ती कोणी केली हे लिहावे. गुणांचे वर्णन खरे असावे. वॉरंटी आणि तक्रार-निवारण आपण देत असल्यास तसे नमूद करावे.

हार्ड डिस्कच्या जागी मोबाइल, मिक्सर किंवा शिलाई यंत्र घाला. जुना माल विकणाऱ्या कोणालाही यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

कायद्याची मुभा आणि बाजाराचे नियम

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. ॲमवे, मॉडिकेअर, ओरिफ्लेम यांसारख्या कंपन्यांचा माल त्यांच्या संमतीविना ऑनलाइन विकता येईल का, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गाजला. २०१९ मध्ये एका न्यायमूर्तींनी कंपन्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला होता. ३१ जानेवारी २०२० रोजी खंडपीठाने तो रद्द केला. म्हणजे केवळ ‘आमची परवानगी घेतली नाही’ या कारणावर फेरविक्री थांबत नाही.

पण ऑनलाइन बाजारपेठ ही कोणाच्या तरी मालकीची जागा आहे. तिथे गाळा घेताना आपण न वाचताच ‘मान्य’ वर बोट ठेवतो, तो करारच असतो. काही ब्रँड विकण्यापूर्वी ती आधी मंजुरी मागते, काहींवर पूर्ण बंदी घालते. तक्रार आल्यावर न्यायालयाची वाट न पाहता वस्तू काढून टाकते. त्यातच २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, कॉपीराइट किंवा ट्रेडमार्क कायद्याखाली काढलेला माल वारंवार विकायला ठेवणाऱ्यांची नोंद ठेवण्याचे वाजवी प्रयत्न या बाजारपेठांना करावे लागतात. एका तक्रारीने फारसे बिघडत नाही. तीच चूक पुन्हा पुन्हा झाली की खाते जाते. तेव्हा माल भरण्यापूर्वी त्या ब्रँडबद्दल बाजारपेठेचा नियम काय आहे ते पाहावे. आधी माल घ्यायचा आणि मग नियम वाचायचा, ही उलटी रीत झाली.

तक्रार आलीच तर

घाबरून नवे खाते दुसऱ्याच्या नावावर उघडणे ही सर्वात मोठी चूक. बाजारपेठ दोन्ही खाती जोडून पाहते आणि मग दोन्ही बंद करते. त्याऐवजी क्रमाने पुढील गोष्टी कराव्यात.

• तक्रार कशाबद्दल आहे ते नीट वाचावे. ट्रेडमार्क, कॉपीराइट की नकली माल? प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे.

• तोवर त्या ब्रँडचा बाकीचा माल स्वतःहून विक्रीतून काढावा.

• चित्र किंवा मजकूर उचलला असेल तर सरळ मान्य करावे, तो बदलावा आणि तसे कळवावे. कबुली देण्यात कमीपणा नाही.

• माल नकली असल्याचा आरोप असेल तर बिले, पुरवठादाराचा पत्ता आणि मालाचे स्वतः काढलेले फोटो पाठवावेत. बिलात खाडाखोड चुकूनही करू नये.

• तक्रार करणाऱ्याचा पत्ता दिलेला असतो. त्याला थोडक्यात, नम्रपणे लिहावे आणि तक्रार मागे घेण्याची विनंती करावी.

• तक्रारदाराच्या नावावर तो ट्रेडमार्क खरोखर नोंदलेला आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर विनामूल्य पाहता येते.

• वकिलाची नोटीस किंवा न्यायालयाचा कागद आला तर तो बाजूला ठेवू नये, त्याच आठवड्यात वकिलाला गाठावे. कायदा काही मर्यादांसह कंपनीला ती जिथे व्यवसाय करते तेथील न्यायालयात दावा लावू देतो. म्हणजे चंदीगडच्या विक्रेत्याला दिल्ली किंवा मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागू शकतात. चाळीस जोड बुटांच्या नफ्यात ते भाडेही निघणार नाही.

तक्रार खोटी असेल, केवळ स्वस्तात विकणाऱ्याला हुसकावण्यासाठी असेल, तर विक्रेताही अगदी निराधार नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ नुसार, विनाकारण कारवाईची धमकी देणाऱ्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात दाद मागता येते आणि नुकसानभरपाईही मागता येते. पण त्यासाठी आपली बाजू स्वच्छ हवी आणि कागद हाताशी हवेत.

परदेशी नातेवाइकांसाठी

मुले-सुना परदेशी असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथली मुभा सगळीकडे नाही. सिल्हूट या ऑस्ट्रियन कंपनीने चष्म्यांच्या २१ हजार जुन्या फ्रेम बल्गेरियात विकल्या. त्या फिरून ऑस्ट्रियातील एका दुकानात आल्या. फ्रेम अस्सल होत्या, तरी १९९८ मध्ये युरोपीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, कारण तेथील कायद्यानुसार माल प्रथम युरोपातच विक्रीस आलेला असावा लागतो. तेव्हा भारतातून ब्रँडेड माल मागवून जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये विकण्याचा बेत करणाऱ्यांनी आधी तिथला कायदा विचारावा.

खुर्चीची गोष्ट

नावाला किती किंमत असते हे चंदीगडकरांना वेगळे सांगायला नको. ल कॉर्बुझिएचे चुलतभाऊ प्येर जानरे या शहराच्या उभारणीसाठी आले आणि १९६५ पर्यंत इथे राहिले. कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठासाठी त्यांनी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या घडवून घेतल्या. पुढे त्या मोडकळीस आल्या म्हणून सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने गेल्या आणि परदेशातील लिलावांत लाखोंना विकल्या जाऊ लागल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि ते परदेशी पाठवण्याला मनाई करणारा आदेश काढला.

आज त्याच धर्तीवर नव्या खुर्च्या बनतात आणि ऑनलाइन विकल्याही जातात. ‘चंदीगड धर्तीची नवी खुर्ची’ असे लिहिणारा सुतार आपल्या हातची कारागिरी विकतो. त्याच खुर्चीला ‘अस्सल जानरे’ म्हणणारा मात्र दुसऱ्याचे नाव विकतो. लाकूड तेच, वेत तोच, पण एका शब्दाने धंदा सचोटीचा राहतो किंवा राहत नाही.

आता त्या कॉटखालच्या एकोणतीस जोडांचे काय? बिले पक्की असतील तर त्यांचे फोटो काढून उत्तरासोबत पाठवावेत. उचललेली चित्रे काढून स्वतःची लावावीत. ‘कंपनी वॉरंटीसह’ खोडून ‘फॅक्टरी आउटलेटमधून घेतलेला न वापरलेला जोड, विक्रेता कंपनीशी संलग्न नाही’ असे लिहावे. बाजारपेठेने तरीही तो ब्रँड नाकारला, तर हट्ट न धरता बूट ओळखीपाळखीत किंवा दुकानदाराला खरे सांगून विकावेत. थोडा तोटा होईल, पण खाते वाचेल आणि भिशीच्या पुढच्या पाळीला नव्याने सुरुवात करता येईल. फक्त त्या वेळी माल घेण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पक्के बिल आहे का? चित्र माझे आहे का? लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे का? आणि ग्राहकाला हे दुकान कंपनीचे वाटेल का? पहिल्या तिन्हींचे उत्तर ‘हो’ आणि शेवटच्याचे ‘नाही’ असेल, तर खुशाल विकायला बसावे.